बाजार हा परीक्षक नव्हे



‘रोबो बाजारात आला की बक्षीस द्या, पीएच.डी.च्या प्रबंधाला कशाला?’ हा गेल्या अंकातील पत्रलेखकांचा सवाल झणझणीत आहे, पण पटला नाही. जॉन कॅनी यांच्या एमआयटीतील प्रबंधाला ‘एसीएम’ या संगणकशास्त्रज्ञांच्या संघटनेचा १९८७ चा प्रबंध पुरस्कार मिळाला. विषय काय, तर अडथळ्यांतून वाट काढायला रोबोला किती गणित करावे लागते! त्यात विकण्याजोगे काहीच नव्हते. २०१८ चा हाच पुरस्कार चेल्सी फिन यांना मिळाला. त्यांच्या एका प्रयोगात यंत्राला एकच व्हिडिओ दाखवायचा: हातातली वस्तू अमुक भांड्यात ठेवली. मग समोर भांडी मांडायची, तीही त्याने आधी न पाहिलेली, आणि त्याने नेमक्या भांड्यात वस्तू सोडायची. दुकानदार याला हिंग लावूनही विचारणार नाही. पण प्रत्येक नव्या कामासाठी ढीगभर उदाहरणे लागणे हेच तर रोबोंचे जुने दुखणे आहे.

शोधनिबंधांची संख्या मोजून बक्षिसे वाटली, तर तो हारतुऱ्यांचा कार्यक्रम होतो, हे मात्र पत्रलेखकांचे शंभर टक्के खरे. म्हणून परीक्षकांनी प्रयोगशाळेत जाऊन यंत्र चालताना पाहावे, फसलेल्या प्रयोगांच्या नोंदीही मागाव्यात.

– एक वाचक, पुणे