हत्यार कोणाच्या मालकीचे?

इलेक्ट्रॉनिक परिपथाची आकृती पूर्वी ड्रॉइंग-बोर्डावर पेन्सिलीने काढली जात असे. पेन्सिल विकणाऱ्याचा त्या आकृतीवर काडीइतकाही हक्क नसे. आकृती संगणकावर गेली आणि हे चित्र पालटले. लहान उद्योगांत व महाविद्यालयांत वर्षानुवर्षे वापरले गेलेले ‘ईगल’ ऑटोडेस्क कंपनीने २०१६ साली विकत घेतले, २०१७ मध्ये त्याची कायम विक्री थांबवून वर्गणी सुरू केली आणि २०२३ मध्ये जाहीर करून टाकले की ७ जून २०२६ नंतर ते मिळणार नाही. काम करणाऱ्याच्या हातातील हत्यार मालकाच्या मर्जीने असे काढून घेता येते!

‘किकॅड’च्या बाबतीत हे शक्य नाही. फ्रान्समध्ये झाँ-पिएर शारा यांनी १९९२ साली सुरू केलेल्या या कामाला २०१३ पासून ‘सर्न’ या युरोपीय संशोधन संस्थेनेही हातभार लावला. त्याची मूळ संहिता जीपीएल परवान्याखाली सर्वांना खुली आहे. मुंबईच्या आयआयटीतील ‘फॉसी’ प्रकल्पाने तिला ‘एनजीस्पाइस’ची जोड देऊन ‘ईसिम’ उभे केले, ते याच बळावर.

परंतु संहिता खुली आहे एवढ्याने ती आपली होते काय? तयार संच उतरवून घेणारा शेवटी ग्राहकच राहतो. संहितेपासून बांधणी करू पाहणाऱ्याला मात्र ‘सीमेक’ पहिल्याच पायरीवर अडवते: अमुक ग्रंथालय नाही, तमुकाची आवृत्ती जुनी. ती उणीव भरून काढली की सी प्लस प्लसच्या शेकडो फायली एकामागून एक कंपाइल होऊ लागतात. साध्या यंत्रावर यात बराच वेळ जातो. मग ‘मेक इन्स्टॉल’. एवढे करून आकृतीचा कागद उघडावा, तर त्यावर ठेवायला साधा रोधकही नाही! चिन्हांचे संग्रह वेगळे आणून बसवावे लागतात, हे नवख्याला कोणी सांगत नाही.

रोजच्या कामासाठी ही उठाठेव कशाला, हा आक्षेप रास्त आहे. रोजच्या कामाला तयार संचच वापरावा. पण ज्या महाविद्यालयात एकालाही ही बांधणी जमत नाही, तेथे संहितेतील एक चूक दुरुस्त करण्यासाठीही परक्याची वाट पाहावी लागते. प्रत्येक तुकडीने वर्षातून एक दुपार या कामाला द्यावी. प्रयोगशाळेत संगणक आहेत, संहिता फुकट आहे. अभ्यासक्रमात जागा तेवढी करायची आहे.