निरागसतेचा ठपका

कुंदन शहा यांचे ७ ऑक्टोबर २०१७ रोजी निधन झाले. तेव्हापासून, विशेषतः त्यांच्या मालिकांतील एखादा नट निवर्तला की, चाहत्यांचे स्मरणसत्र भरते. मार्च २०२३ मध्ये ‘नुक्कड’मधला खोपडी, म्हणजे समीर खक्कर गेले तेव्हा ते भरले, ऑक्टोबर २०२५ मध्ये सतीश शहा गेले तेव्हा पुन्हा भरले. या सत्रांचा सूर आता आम्हांला पाठ झाला आहे. एकच वाहिनी होती, माणसे साधी होती, विनोद निर्मळ होता, सारे घर एकत्र बसून पाहत असे; आता तसे काही उरले नाही. आम्हीही याच चाहत्यांपैकी, त्यामुळे या हळहळीची चेष्टा करण्याचा आमचा इरादा नाही. परंतु हे स्मरण म्हणजे प्रेमाने चालवलेले विस्मरण आहे, असे आम्ही म्हणतो. कुंदन शहांवर निरागसतेचा ठपका ठेवून त्यांना निरुपद्रवी करून टाकण्याचा हा उद्योग आहे.

प्रथम श्रेयाविषयी. ‘ये जो है जिंदगी’ (१९८४) ही एकट्या शहांची मालिका नव्हे. दिग्दर्शनात त्यांच्यासह मंजुल सिन्हा आणि रमण कुमार होते, आणि लेखन शरद जोशी यांचे. (हे हिंदीतले व्यंगकार, आपल्याकडचे शेतकरी नेते वेगळे.) ज्या लेखकाने राजकीय उपरोधात हयात घालवली, त्याच्या संहितेला ‘निर्मळ कौटुंबिक करमणूक’ म्हणून निकालात काढणे हा त्याचाही अपमान आहे. त्या मालिकेत सतीश शहा जवळजवळ प्रत्येक भागात नवे सोंग घेऊन येत, ही गोष्ट चाहते गमतीने सांगतात. आम्हांला त्यात गमतीपेक्षा अधिक काही दिसते. नवराबायकोच्या त्या चार भिंतींत बाहेरचे सगळे जग एकाच माणसाच्या चेहऱ्याने शिरते. नावे बदलतात, पेहराव बदलतात, उपद्रव तोच राहतो. हे मध्यमवर्गाच्या भयाचे चित्र आहे. ते हसत हसत काढले आहे, एवढेच.

‘नुक्कड’बाबत तर विस्मरणाची कमाल होते. सईद अख्तर मिर्झा आणि कुंदन शहा यांची ही मालिका १९८६ साली सुरू झाली. सायकल दुरुस्त करणारा हरी, वायरमन गुरू, हॉटेलवाला कादरभाई, घरकाम करणारी राधा, भिकारी घनशू, हवालदार गणपत, आणि दारूत बुडालेला खोपडी. चाहते यांना ‘एका मोठ्या कुटुंबासारखे’ म्हणतात. कुटुंबाला घर असते, महाशय! या मंडळींकडे होता तो रस्त्याचा एक कोपरा, आणि तोही त्यांच्या मालकीचा नव्हता. मुंबईत त्या सुमारास हा प्रश्न काल्पनिक नव्हता. १९८१ मध्ये पदपथावरच्या झोपड्या उठवण्याची मोहीम निघाली, ते प्रकरण ओल्गा टेलिस यांच्या नावाने सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जुलै १९८५ मध्ये निकाल लागला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्कातच येतो, असे न्यायालयाने मान्य केले, आणि तरीही रीतसर नोटीस देऊन पदपथ मोकळे करण्याची मुभा ठेवली. त्याच्या दुसऱ्याच वर्षी सरकारी दूरदर्शनवर कोपऱ्यावरची ही माणसे देशभर दिसू लागली. मालिका त्या निकालावर बेतली होती असा आमचा दावा नाही. पण जिथून कुणीही उठवू शकेल अशा जागी बसून केलेल्या थट्टेला निरागस म्हणायचे, तर निरागस या शब्दाचा अर्थ तरी बदलावा लागेल.

‘वागले की दुनिया’ (१९८८) आमच्या मराठी चाहत्यांना विशेष प्रिय. निर्मिती दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सची, राधिका झालेल्या भारती आचरेकर, आणि आडनाव वागळे, म्हणजे ‘आपलाच’! मग सांगावे लागते की हा कारकून म्हैसूरच्या आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतून आला, तो साकारला कोलकात्यात वाढलेल्या अंजन श्रीवास्तव यांनी, आणि त्याला चालते-बोलते केले कुंदन शहांनी. ‘आपला’ असलाच तर तो पगाराच्या तारखेकडे डोळे लावून बसणाऱ्या प्रत्येकाचा आहे. वागळे सज्जन आहे, पण ज्याला गमावण्याची धास्ती असते त्याचे ते सौजन्य आहे. साहेबासमोर, शेजाऱ्यासमोर, दुकानदारासमोर तो आधी कचरतो आणि मग हसतो. २०२१ मध्ये सब वाहिनीने त्याची पुढची पिढी आणली. त्या मालिकेवर आमचा राग नाही. तिच्यात भागाअखेरीस शहाणपण हाती पडते. जुन्या वागळेच्या हाती असे काही पडत नसे, आणि म्हणूनच तो आठवतो.

आता ‘जाने भी दो यारों’ (१९८३). या चित्रपटातला महाभारताचा प्रवेश चाहते हजारदा पाहतात, एकमेकांना पाठवतात. शेवट मात्र कुणी पाठवत नाही. पूल कोसळतो, बिल्डर, आयुक्त आणि संपादिका यांचे आपसात जुळते, आणि त्या पुलासाठी तुरुंगात जातात ते दोन फोटोग्राफर. कैद्यांच्या कपड्यात मुंबईच्या रस्त्यावर येऊन ते कॅमेऱ्याकडे पाहत गळा कापल्याची खूण करतात. ती खूण प्रेक्षकाला उद्देशून आहे. तेवढी वगळून उरते ती करमणूक, आणि नेमकी तीच आपण ‘त्या काळचा निर्मळ विनोद’ म्हणून जपून ठेवली आहे.

याच चित्रपटासाठी मिळालेला राष्ट्रीय पुरस्कार शहांनी नोव्हेंबर २०१५ मध्ये परत केला. ज्या पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकले, तिथल्या विद्यार्थ्यांनी गजेंद्र चौहान यांच्या नेमणुकीविरुद्ध त्या वर्षी १३९ दिवस संप केला होता. चौहान म्हणजे दूरदर्शनच्या ‘महाभारता’तले युधिष्ठिर. महाभारताच्या त्या रंगमंचावर धुमाकूळ घालणाऱ्या दिग्दर्शकाने वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी खऱ्या युधिष्ठिराविरुद्ध उभे राहावे, एवढा सरळ योग तर शहांच्या संहितेतही कुणी लिहिला नसता. पुरस्कार परत करणाऱ्यांच्या त्याच यादीत सईद मिर्झांचेही नाव होते. तेव्हा ‘नुक्कड’च्या या दोघांना काय काय ऐकून घ्यावे लागले, ते आठवून पाहावे, आणि ते ऐकवणाऱ्यांत स्मरणसत्रांतले किती जण होते, तेही.