ब्रोकोली राब आणि आमची करडई

मंडळी, आधीच सांगून टाकतो, ब्रोकोली राबशी माझं काही वैर नाही. वैर आहे ते "तुमच्या बीडला काय पिकतं रे, दुष्काळ सोडून?" या प्रश्नाशी. आणि हा प्रश्न विचारणारीच माणसं बाल्कनीत इटलीची पालेभाजी लावायला निघाली की माझं डोकं सटकतं.

झालं असं की सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी या भाजीच्या बियांची लिंक टाकली आणि मला टॅग केलं. "तू शेतकऱ्याचा मुलगा ना, सांग कशी लावायची." बरं, सांगतो.

नावात ब्रोकोली असली तरी ही ब्रोकोली नव्हे. ब्रोकोली कोबी-फ्लॉवरच्या घरातली, ही सलगमच्या. आपली मोहरी म्हणजे सलगमची जात आणि काळी मोहरी यांचा संकर. १९३५ साली नागाहारू ऊ या शास्त्रज्ञाने ही सगळी भावकी मांडून दाखवली. म्हणजे ब्रोकोली राब ही मोहरीच्या पाल्याची जवळची नातेवाईकच, तशीच कडवट. दक्षिण इटलीत गरिबाघरची भाजी. तिला थंडी लागते. ऑक्टोबर सरताना पेरा, कळ्या उमलायच्या आत कोवळ्या दांड्यासकट खुडा. ऊन तापलं की ती घाईने फुलावर येते आणि दांडा चरबट होतो. पुढच्या वर्षी बी घरचं धरू म्हणाल, तर एकट्या झाडाला ते बहुतेक धरतच नाही, परागासाठी दुसरं झाड लागतं. म्हणजे दोन कुंड्यांच्या बाल्कनीत दरवर्षी पाकीट विकत. सबस्क्रिप्शन मॉडेल, दुसरं काय!

आता आमच्याकडचं ऐका.

बीड जिल्ह्यात रब्बीच्या ज्वारीत करडईचे तास टाकायची किंवा शेताच्या कडेने करडई पेरायची जुनी रीत. मोठी झाली की ती काटेरी होते, त्यामुळे गुरं आत शिरत नाहीत. फुकटचं कुंपण, वर तेल. मूळ खोल जातं, म्हणून पाऊस गेल्यावर काळ्या रानातल्या ओलीवर ती तग धरते. पेरल्यावर पंधरा-वीस दिवसांनी विरळणी करतात, आणि उपटलेली कोवळी रोपं म्हणजेच करडईची भाजी! माझी आई ओटीभर घेऊन यायची. लसणाची फोडणी, मूठभर डाळ, ज्वारीची भाकरी. वेगळं वाफं नाही, वेगळं पाणी नाही. एका पेऱ्यात भाजी, कुंपण आणि तेल. याला आपण ऑफिसात "ऑप्टिमायझेशन" म्हणतो आणि त्यावर स्लाइड बनवतो.

कुंडीत तर ही आणखी सोपी. दाट पेरा, काटे यायच्या आत, तीनेक आठवड्यांत कापा. एक-दोन झाडं राखली तर फुलं येतील, आणि करडई स्वतःच्या परागावरही बी धरते. (शहरात ते बी लोकांना माहीत असतं ते पोपटाचं खाणं म्हणून. असो.)

"मग मिरची-बटाटापण बाहेरचाच" असं कोणीतरी म्हणणारच. बरोबर आहे. मी परदेशी भाजीला हाकला म्हणत नाहीये. माझा राग एवढ्यावरच आहे की तोच कडूपणा पाकिटावर इटालियन नाव असलं की "गूर्मे" होतो आणि आईच्या ओटीत असला की दुष्काळातलं खाणं.

पण खरं दुखणं भाजीचं नाहीच. मराठवाड्यात करडईचं क्षेत्र आटत चाललंय. कारण साधं आहे. काढणीला हातापायाला फडकी बांधून उभं राहावं लागतं, मजूर मिळत नाहीत, आणि तेलाच्या भावाची गाठ बाहेरून येणाऱ्या स्वस्त पामतेलाशी. आपल्या देशाचं निम्म्याहून जास्त खाद्यतेल आयातीचं आहे. शेतकरी हरभरा आणि सोयाबीनकडे वळला, त्याला नावं ठेवायचा आपल्याला हक्क नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाने "परभणी कुसुम"सारखे वाण दिले, बिनकाट्याच्या वाणांवरही काम झालं. पण तेलाला गिऱ्हाईक नसेल तर वाण काय करणार?

त्यामुळे बाल्कनीत करडई लावून करडई वाचेल असं मी म्हणणार नाही. तसलं समाधान मला नको. महिन्याला एक लिटर करडईचं तेल आपण घेतलं तर त्याचा उपयोग दहा कुंड्यांपेक्षा जास्त. महाग पडेल, हो. पण ऑलिव्ह ऑइलच्या बाटलीपुढे आपला हात कधी थांबलाय?

आणि कुंडीत लावायचीच असेल तर एक लक्षात ठेवा. कृषी केंद्रातलं औषध चोळलेलं रंगीत बी भाजीसाठी घेऊ नका. गावाकडचं कोणी ओळखीचं असेल तर साधं, घरचं बी मागा. वाटीभर पुष्कळ झालं.