द्रव्य एक, रंग अनेक

गोरेगाव स्थानकाबाहेरील एका दुकानात नवा दूरचित्रवाणी संच पाहताना एका ग्राहकाने विचारले, “यावर ‘क्वांटम डॉट’ लिहिले आहे, ते काय असते?” विक्रेत्याने किंमत सांगितली, सूट सांगितली, उत्तर मात्र त्याच्यापाशी नव्हते. वाचकहो, आपल्यापैकी अनेक जण गल्ल्यावर बसतात. म्हणून हे उत्तर ठाऊक असणे बरे.

तोळाभर सोने असो वा गुंजभर, रंग पिवळाच. व्यवहारातला हा नियम अतिसूक्ष्म जगात मोडतो. कॅडमियम सेलेनाइड या अर्धवाहकाचा सुमारे २ नॅनोमीटरचा कण निळा प्रकाश देतो, तर ६ नॅनोमीटरचा तांबडा. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. कण जितका लहान, तितकी त्यातील इलेक्ट्रॉनची कोंडी अधिक. म्हणून उत्तेजित इलेक्ट्रॉन मूळ पायरीवर परतताना अधिक ऊर्जेचा, म्हणजे निळ्याकडे झुकणारा प्रकाश बाहेर टाकतो. अशा अनेक संचांत मागील निळ्या प्रकाशाचे हे कण शुद्ध हिरव्या व तांबड्या प्रकाशात रूपांतर करतात.

सारे कण एकाच मापाचे करणे हे खरे कौशल्य. मौंगी बावेंडी यांनी १९९३ मध्ये तप्त द्रवात घटकद्रव्ये एकदम सोडून कण एकाच वेळी जन्माला घालण्याची व सारखे वाढवण्याची रीत मांडली. लुई ब्रुस व अलेक्सी एकिमोव्ह यांच्यासह त्यांना २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

परंतु कॅडमियम विषारी आहे. शरीरात गेले की ते मूत्रपिंडात साचत राहते. या दृष्टीने पुणे विद्यापीठातील डॉ. सुलभा कुलकर्णी व सहकाऱ्यांचे कार्य मोलाचे वाटते. मँगेनीजयुक्त झिंक सल्फाइडचे सूक्ष्मकण पाण्याच्या माध्यमात करण्याची पद्धत त्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांत कॅडमियम नाही, आणि त्यांचा नारिंगी प्रकाश मँगेनीजमुळे येतो. आज पडद्यांसाठी इंडियम फॉस्फाइडचाही पर्याय आहे. आपल्या देशाच्या २०२२ च्या ई-कचरा नियमांनी विद्युत उपकरणांच्या घटकांत कॅडमियमला ०.०१ टक्क्याची मर्यादा घातली आहे.

तेव्हा संच विकणाऱ्याने पुरवठादाराला आणि घेणाऱ्याने दुकानदाराला दोन प्रश्न अवश्य विचारावेत: हे कण कोणत्या द्रव्याचे आहेत, आणि संच निकामी झाल्यावर तो परत कोण घेईल? मापात पाप नसावे, तसे मालातही नसावे.