कोणत्या उंदराचा पीसीओएस?

‘अमुक वनस्पतीच्या अर्काने पीसीओएसवर मात; भारतीय संशोधकांचे यश’ या धाटणीची बातमी आपल्याकडे सतत कुठे ना कुठे छापून येते. ते यश उंदरांवरचे आहे, हे चौथ्या परिच्छेदात कळते. उंदरांना तो विकार जडवला कसा, हे मात्र अखेरपर्यंत कळत नाही. माझा आक्षेप या दुसऱ्या मौनाला आहे. प्रयोगशाळेतील उंदराला पीसीओएस आपोआप होत नाही, तो घडवावा लागतो. तो कशाने घडवला यावर त्याच्या रक्तातील कोणते संप्रेरक चढेल आणि कोणते उतरेल हे ठरते. म्हणून ‘संप्रेरकांची पातळी पूर्ववत झाली’ हे वाक्य प्रारूपाचे नाव घेतल्याविना निरर्थक आहे.

सर्वाधिक वापरात असलेले एक प्रारूप लेट्रोझोलचे. अँड्रोजेनचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करणारे अरोमाटेज हे विकर लेट्रोझोल रोखते. मादी उंदराला रोज किलोमागे एक मिलिग्रॅम या मात्रेने एकवीस दिवस ते पाजले की टेस्टोस्टेरॉन साचते, इस्ट्राडायॉल घटते, पियुषिकेवरचा लगाम सुटून एलएच वाढते, माजाचे चक्र थांबते आणि अंडाशयात पुटके दिसू लागतात. २००४ मध्ये तुर्कस्तानातील संशोधकांनी ही पद्धत मांडली. ती स्वस्त आहे, तीन आठवड्यांत उरकते, आणि छायाचित्रे अगदी पाठ्यपुस्तकासारखी येतात.

आता याच औषधाची दुसरी बाजू पाहा. पीसीओएस असलेल्या ज्या स्त्रीला मूल हवे आहे पण बीजोत्सर्जन होत नाही, तिला आज जगभर पहिल्या पसंतीचे औषध म्हणून दिले जाते तेही लेट्रोझोलच. भारत सरकारने २०११ मध्ये वंध्यत्वासाठी त्याच्या वापरावर बंदी घातली होती. २०१४ मध्ये ७५० स्त्रियांवरील अमेरिकी चाचणीत लेट्रोझोल घेणाऱ्यांपैकी २७.५ टक्के, तर क्लोमिफीन घेणाऱ्यांपैकी १९.१ टक्के स्त्रियांना जिवंत मूल झाले. २०१७ मध्ये आपल्याकडील बंदी उठली. उंदराला जे ‘रोगी’ करते तेच स्त्रीला उपचार ठरते, यात जादू काही नाही. स्त्रीला ते पाचच दिवस, अडीच ते साडेसात मिलिग्रॅम इतकेच दिले जाते. इस्ट्रोजेन थोडा काळ उतरते, एफएसएच चढते, बीजपुटक वाढते आणि अडथळा सरतो. उंदराच्या शरीरात तो अडथळा तीन आठवडे हटतच नाही. पण बातमी लिहिणाऱ्याला आणि तपासणाऱ्या संपादकाला हा विरोधाभास एकदाही खटकू नये?

मूळ अडचण याहून खोल आहे. पीसीओएस असलेल्या स्त्रीचे अरोमाटेज कोणी बंद केलेले नसते आणि तिचे इस्ट्रोजेन सहसा तळाला गेलेले नसते. म्हणजे उंदरात ‘घटलेले इस्ट्राडायॉल वाढवून दाखवणारा’ अर्क स्त्रीमध्ये बहुधा नसलेली उणीव भरून काढतो. शिवाय लेट्रोझोलची पकड कायमची नाही. ते थांबवल्यावर विकर पुन्हा कामाला लागते. मग अर्क देण्याच्या काळात लेट्रोझोल थांबवले असेल, तर उंदीर अर्काने सुधारला की नुसत्या थांबण्याने? चालू ठेवले असेल, तर अर्काने लेट्रोझोलचे शोषणच कमी केले नाही कशावरून?

इतर प्रारूपांची संप्रेरके आणखी निराळी. १९६२ मध्ये रॉय, महेश आणि ग्रीनब्लाट यांनी डीएचईए टोचून मादी उंदरांच्या अंडाशयात पुटके घडवली. (त्यांतील वीरेंद्र महेश हे भारतात जन्मलेले, आपल्या ‘राष्ट्रीय यशा’च्या बातम्यांना त्यांची आठवण क्वचितच होते.) डीएचईएपासून शरीर टेस्टोस्टेरॉन बनवते आणि इस्ट्रोजेनही, त्यामुळे येथे इस्ट्राडायॉल घटण्याऐवजी वाढू शकते. डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनचे इस्ट्रोजेन होत नाही. त्याची गोळी त्वचेखाली बसवली तर इन्सुलिन-प्रतिरोध येतो, पण एलएच वाढेलच असे नाही. इस्ट्राडायॉल व्हॅलरेटच्या एकाच इंजेक्शनने पुटके होतात, मात्र अँड्रोजेनची वाढ भरवशाची नसते. चार प्रारूपे, चार रक्तचित्रे, आणि चौघांवर पाटी एकच. एकावर लागू पडलेला अर्क दुसऱ्यावर लागू पडेल हेही ज्याला सांगता येत नाही, तो स्त्रियांविषयी कसे सांगणार?

त्यावर मोजमापाचा प्रश्न. स्त्रीच्या यकृतातून एसएचबीजी हे प्रथिन रक्तात येते आणि टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवते. प्रौढ उंदराचे यकृत ते बनवत नाही, तेव्हा एसएचबीजीवर आधारलेला मुक्त अँड्रोजेन निर्देशांक उंदरासाठी काढणे व्यर्थ आहे. स्त्रीच्या अधिवृक्क ग्रंथी डीएचईए स्रवतात, उंदराच्या जवळजवळ नाहीत. एलएच ठोक्याठोक्याने स्रवते, म्हणून एकदाच काढलेल्या रक्तातील आकडा कोणत्या ठोक्यावर पडला हे कळत नाही. मादीतील अल्प टेस्टोस्टेरॉन मोजताना साध्या प्रतिपिंड-चाचण्या दगा देतात, हा इशारा अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीने २००७ मध्येच दिला होता. कोणत्या संचाने मोजले, चक्राच्या कोणत्या अवस्थेत, किती वाजता, हे न लिहिता केवळ तारांकित स्तंभालेख छापणारा निबंध परीक्षकांनी परत पाठवला पाहिजे.

या नोंदींचे मोल ज्या शहराला सर्वांत नीट ठाऊक असावे ते कोलकाता. सुभाष मुखोपाध्याय तेथलेच. कलकत्ता विद्यापीठातून १९५८ मध्ये प्रजनन-शरीरक्रियाशास्त्रात आणि एडिंबरोहून १९६७ मध्ये प्रजनन-अंतःस्रावशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेल्या या डॉक्टरांच्या प्रयत्नाने ३ ऑक्टोबर १९७८ रोजी ‘दुर्गा’ जन्मली. एडवर्ड्स आणि स्टेप्टो यांनी नैसर्गिक चक्रातील बीज घेतले होते. मुखोपाध्यायांनी गोनॅडोट्रोपिन देऊन अंडाशय उत्तेजित केले आणि भ्रूण गोठवून ठेवला. राज्य शासनाच्या समितीने त्यांचा दावा फेटाळला. पुढे त्यांची बदली नेत्रविज्ञानाच्या संस्थेत झाली आणि १९ जून १९८१ रोजी त्यांनी आत्महत्या केली. १९९७ मध्ये मुंबईच्या प्रजनन संशोधन संस्थेचे संचालकपद भूषवलेले टी. सी. आनंद कुमार यांनी त्यांची हस्तलिखित टिपणे वाचून ‘करंट सायन्स’मध्ये श्रेय त्यांच्या पदरी घातले. आनंद कुमारांना पडताळता आले, कारण टिपणे उरली होती. ज्या शहरात एका शरीरक्रियाशास्त्रज्ञाची बाजू अखेर वह्यांनी राखली, तेथून निघणाऱ्या उंदरांवरील प्रत्येक निबंधासोबत कच्चे आकडे खुले असावेत, ही अपेक्षा जास्त नाही. मुंबई-पुण्याला ती तितकीच लागू आहे.

‘मग प्राणिप्रयोग बंदच करायचे का?’ असे विचारले जाईल. मुळीच नाही. गर्भावस्थेत टेस्टोस्टेरॉन दिलेल्या मेंढ्यांच्या पिल्लांनी विकाराची मुळे जन्माआधी असू शकतात हे दाखवले. २०१८ मध्ये फ्रान्समधील गटाने गाभण माऊसना एएमएच टोचले तेव्हा त्यांच्या मादी पिल्लांत एलएच आणि टेस्टोस्टेरॉन दोन्ही वाढले. या प्रयोगांनी विकार कसा सुरू होतो हे विचारले. बाजारात विकायच्या चूर्णाला प्रमाणपत्र देण्यासाठी ते केलेले नव्हते.

संशोधकांवरच सगळा दोष टाकणेही अन्यायाचे होईल. बडोद्याच्या महाराज सयाजीराव विद्यापीठातून २०१० मध्ये कोरफडीवरील निबंध आला, त्याच्या शीर्षकातच प्रारूप लेट्रोझोलचे असल्याचे लिहिले होते. हा शब्द गळतो तो प्रसिद्धिपत्रकात, उरलेसुरले बातमीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने प्रजननक्षम वयातील १० ते १३ टक्के स्त्रियांना हा विकार आहे. त्यांतील कोणी ती बातमी वाचून मेटफॉर्मिन सोडते, डबा मागवते, आणि सहा महिन्यांनी एचबीएवनसी वाढलेले घेऊन दवाखान्यात येते. पुढची अशी बातमी दिसली की मूळ निबंधात एक गट शोधा: लेट्रोझोल थांबवलेला, पण अर्क न दिलेला. तो नसेल तर बातमी पुढे पाठवू नका.