आसनाची कदर

१ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली बस पुण्याहून निघून अहमदनगरास पोहोचली, ही गोष्ट आपल्या नगर जिल्ह्यात आजही अभिमानाने सांगितली जाते. परंतु लाकडी सांगाड्याच्या त्या बेडफर्ड गाडीत उतारूंसाठी काथ्याची आसने होती, हा तपशील सांगणारा क्वचित भेटतो. मला तो तपशील फार मोलाचा वाटतो. देश नुकता स्वतंत्र झालेला, साधनसामग्रीची सर्वत्र टंचाई, रस्ते खडबडीत, आणि तशा काळातही उतारूस उघड्या फळीवर न बसवता त्याच्या अंगाखाली नारळाच्या काथ्याचा मऊ थर असावा असे कोणास तरी वाटले, यात बसणाऱ्या माणसाविषयीचा आदर आहे. तो आदर जुन्या वाहनांत जागोजागी दिसतो, आणि आपण तो बेपर्वाईने उखडून टाकीत आहोत, अशी माझी तक्रार आहे.

सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ज्या फियाट गाड्या बाहेर पडल्या आणि १९७४ च्या सुमारास ज्यांना पद्मिनी हे नाव मिळाले, त्यांपैकी १९७५ सालची एक आमच्या घरी आहे. तिच्यात पुढचे आसन एकसलग, बाकासारखे. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबाला जोडलेला असल्यामुळे पायांपाशी मधली जागा मोकळी, आणि म्हणून पुढेही तीन माणसे सुखाने बसत. वडील गाडी चालवीत, आई दाराशी आणि मी मध्ये, अशी आमची जागावाटणी वर्षानुवर्षे ठरलेली होती; पुण्याच्या वाटेवर सुपे गावाच्या पुढे माझी मान आईच्या खांद्यावर कलंडत असे. आजच्या गाडीत दोन पुढच्या आसनांच्या मध्ये पेले ठेवण्याचे खळगे आहेत. तिथे लेकराला जागा नाही.

याहूनही मला प्रिय आहे ती पुढच्या दाराची त्रिकोणी काच. उभ्या कण्यावर फिरणारी ही छोटी काच थोडी उघडली की गाडीतील कोंदट हवा बाहेर ओढली जाई, आणि पुरती वळवून तिची कड वाऱ्याच्या तोंडाशी आणली की तोच वारा थेट छातीवर येई. इंजिनावर तिचा कसलाही भार नाही, तिला वीज लागत नाही, आणि बिघडण्याजोगे तिच्यात एका खटक्यावाचून दुसरे काही नाही. नगरच्या वैशाखात, जेव्हा डांबरावरून झळा उठतात, तेव्हा वारा किती घ्यावा आणि कोठे घ्यावा हे बोटाच्या एका हालचालीने ठरवण्याची मुखत्यारी त्या काचेने बसणाऱ्याच्या हाती दिली होती. वातानुकूलन आले, एकसंध काच आली, वाऱ्याचा आवाज कमी झाला, हे सर्व खरे. परंतु ती मुखत्यारीही त्याबरोबर गेली.

आता मूळ दुःखाकडे येतो. काही वर्षांपूर्वी आमच्या पद्मिनीच्या आसनाचे रेक्झिन उसवले म्हणून मी ती एका कुशनवाल्याकडे सोपवली, आणि नजरेसमोर राहून काम करून घेतले नाही, ही चूक माझीच. त्याने आतील पोलादी स्प्रिंगा आणि त्यांवरचा काथ्या काढून भंगारात घातला व त्या जागी फोमचा जाड ठोकळा बसवून वर चकचकीत आच्छादन चढवले. गाडी घरी आली, आई तिच्या नेहमीच्या जागी बसली, आणि तिचे पाय जमिनीला टेकेनात. आसन दोन बोटे उंच झाले होते. स्प्रिंग माणसाच्या वजनाप्रमाणे हळूहळू दबते, काथ्यातून हवा खेळते म्हणून लांबच्या प्रवासात अंग घामाने चिंब होत नाही. फोम उष्णता धरून ठेवतो. हे मला त्या दिवसापूर्वी पुस्तकी ज्ञान होते. त्यानंतर सुप्यापर्यंत जाईतो आईने दोनदा गाडी थांबवावयास सांगितले.

अर्थात, जुन्या गाडीस मानेला आधार नव्हता, पट्टे नव्हते, अपघातात तिचे आसन माणसास फारसे तारू शकत नसे. नव्या आसनांनी हजारो जीव वाचवले आहेत आणि त्याविषयी माझ्या मनात कृतज्ञताच आहे. आपल्याच शहरातील वाहन संशोधन व विकास संस्थेत वाहनांच्या कसोट्या घेतल्या जातात, ते काम थोर आहे. माझे म्हणणे इतकेच, की नवे सुरक्षित असावे आणि जुने जसे होते तसे राहावे.

सरकारदरबारीही या बाबतीत उणीव आहे. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरील खासगी वाहनांस व्हिंटेज म्हणून स्वतंत्र नोंदणीची तरतूद केली आणि वाहन मूळ स्वरूपात असावे अशी अट घातली. परंतु कोणते बदल चालणार नाहीत हे सांगताना नियमात सांगाडा, बाह्य कवच आणि इंजिन यांचा नामनिर्देश आहे, आसनाचा नाही. ज्यावर माणूस बसतो ते बदलले तरी दप्तराच्या दृष्टीने गाडी मूळचीच राहते, हे मला पटत नाही. नियमात आसनाचाही उल्लेख व्हावा.

१९९४ पासून आपल्या नगरात असलेल्या रणगाडा संग्रहालयात रोल्स-रॉइसची एक चिलखती गाडी उभी आहे. सुखासाठी जगभर नावाजलेल्या गाडीच्या सांगाड्यावर पोलाद चढवून ती युद्धास पाठवली गेली. युद्धाची वाहने इतक्या निगुतीने जपणाऱ्या या शहरात एसटीचे काथ्याचे आसन, पद्मिनीचा बाक, अँबेसेडरची मागची ऐसपैस गादी आणि ती त्रिकोणी काच यांसाठीही एक दालन असावे, आणि महानगरपालिकेने ते मनावर घ्यावे, अशी माझी विनंती आहे. तोवर ज्यांच्या अंगणात जुनी गाडी उभी आहे त्यांनी कुशनवाल्याकडे जाताना स्प्रिंगा व काथ्या परत मागून घ्याव्यात, आणि आसनाची उंची आधी पट्टीने मोजून कागदावर लिहून ठेवावी.