सुखाची बदली

कोलकात्यात चार मराठी नोकरदार एकत्र जमले की पाचव्या मिनिटास बदलीचा विषय निघतो. कोणाचा अर्ज कोठे अडला, कोणास पुणे मिळाले, कोणाच्या नशिबी अजून तीन वर्षे आहेत, ह्याची चर्चा चहा निवेपर्यंत चालते. ह्या चर्चेच्या मुळाशी एक न उच्चारलेला सिद्धान्त असतो : सुख मुंबई-पुण्याकडे वास करते, आणि तेथे पोचेपर्यंतचा काळ केवळ कंठावयाचा असतो. हा सिद्धान्त खोटा आहे, इतकेच नव्हे तर घातक आहे, असे माझे म्हणणे आहे. मी स्वतः सहा वर्षे तो निष्ठेने पाळला आहे.

गीतेच्या अठराव्या अध्यायात सुखाचे तीन प्रकार सांगितले आहेत. आरंभी विषासारखे, पण परिणामी अमृतासारखे ते सात्त्विक. आरंभी गोड आणि शेवटी विषारी ते राजस. निद्रा, आळस व प्रमाद यांतून उपजणारे ते तामस. ही कसोटी आपल्या संसारास लावून पाहावी. रविवारी दारेखिडक्या लावून, मराठी चित्रपट पाहत, आपण ह्या शहरात नाहीच असे मानण्यात जे सुख वाटते ते मला तामस दिसते. ती मनाची वामकुक्षी होय. बदलीच्या हुकुमाचे सुख राजस. पेढे वाटेपर्यंत ते गोड असते. पुढे तोच गृहस्थ पुण्यातील रहदारीस विटून निवृत्तीचे दिवस मोजू लागतो. तिसऱ्या सुखाच्या वाटेस आपल्यापैकी कितीजण जातात?

त्या वाटेने गेलेला एक सरकारी नोकर ह्याच शहरातला होता. सत्येंद्रनाथ ठाकूर हे १८६३ साली सनदी सेवेत निवडले गेलेले पहिले भारतीय. त्यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली आणि १८९७ साली साताऱ्यास न्यायाधीश असताना ते निवृत्त झाले. मधल्या तीस-बत्तीस वर्षांत त्यांनी केवळ दिवस मोजले असते, तर तुकोबांचे अभंग बंगालीत आणावयास त्यांना सवड कोठून मिळाली असती? उलट दिशेने पाहावे, तर देवघरजवळ जन्मलेले सखाराम गणेश देऊस्कर हे मराठी गृहस्थ. त्यांनी १९०४ साली बंगालीत लिहिलेल्या ‘देशेर कथा’ची सरकारला इतकी धास्ती वाटली की १९१० साली त्यावर बंदी आली. परका मुलूख ह्या दोघांनी कामाने आपला केला.

यावर आक्षेप ठरलेला आहे : ते न्यायाधीश, आपण कारकून, घरभाडे, मुलांच्या शाळा, गावाकडे थकलेले आईवडील ह्यांचे काय? आक्षेप खोटा नाही. माझी आई साताऱ्यास एकटी असते आणि माझा अर्जही मी मागे घेतलेला नाही. परंतु हे सर्व दुःखनिवारणाचे उपाय होत. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘गीतारहस्या’त टिळकांनी सुखदुःखविवेकाला एक स्वतंत्र प्रकरण दिले आहे. सुख म्हणजे नुसता दुःखाचा अभाव नव्हे, असे ते तेथे बजावतात. अडचण गेली म्हणजे जागा रिकामी होते. ती आपोआप भरत नाही. बदली माझी चिंता हलकी करील. मला सुखी करण्याचे काम तिचे नव्हे.

हे मला कोणत्याही ग्रंथाआधी माझ्या मुलीने शिकविले. ती येथेच जन्मली. गेल्या दुर्गापूजेत मंडपाबाहेर, ‘‘घरी गेल्यावर सगळे नीट होईल,’’ असे मी नेहमीच्या सवयीने पत्नीस म्हणालो. मुलीने विचारले, ‘‘बाबा, मग आत्ता आपण कुठे राहतो?’’ मला उत्तर सुचले नाही. तिचे सारे आयुष्य मी प्रतीक्षालयात बसविले होते.

दुसऱ्याच आठवड्यात विद्यासागरांचा ‘वर्णपरिचय’ विकत आणला. पस्तिशीत मुळाक्षरे गिरविणे अपमानकारक वाटते; मुलगी चुका काढते तेव्हा तर फारच. पण परवा बसवरची पाटी न विचारता वाचली आणि त्या दिवशीचा आनंद कोणत्याही हुकुमाने मिळाला नसता. तेव्हा, वाचकहो, अर्ज जरूर करा. पण उत्तर येईपर्यंत जगणे तहकूब ठेवू नका.